तबकडी आली तेव्हा बँड उरला नव्हता

वाचकांचे प्रश्न : हार्डकोर पंक, इमो आणि विस्मृतीत गेलेले बँड

प्रश्न : दोन हजारच्या दशकातील प्रसिद्ध इमो बँड ऐकतच मी वाढलो. या संगीताचे मूळ हार्डकोर पंकमध्ये आहे, असे अलीकडे वाचनात आले. पण दोन्ही ऐकून पाहिले तरी मला त्यांच्यात काही नाते जाणवत नाही. हे नाते खरे आहे का?

उत्तर : नाते खरे आहे, आणि त्याचा माग थेट एका शहरापर्यंत, जवळजवळ एका उन्हाळ्यापर्यंत काढता येतो. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी वॉशिंग्टन डी.सी.मध्ये मायनर थ्रेटसारख्या बँडांनी मूळचे पंक (रॉक संगीताचा बंडखोर प्रकार) अधिक वेगवान, अधिक आखूड आणि अधिक कठोर केले होते. दीड मिनिटात संपणारे गाणे, ओरडून म्हटलेले शब्द आणि वादकांच्या अंगावर येऊन सोबत गाणारे श्रोते, असा या हार्डकोरचा बाज होता. पण काही वर्षांतच त्या कार्यक्रमांमधील मारामाऱ्यांना आणि संगीतातील तोचतोचपणाला तिथलीच जुनी मंडळी कंटाळली, आणि १९८५ मध्ये त्यांच्यापैकी काहींनी नव्या बँडांसह पुन्हा सुरुवात केली. तो काळ ‘रेव्होल्यूशन समर’ या नावाने ओळखला जातो.

राइट्स ऑफ स्प्रिंग हा त्यातला सर्वांत महत्त्वाचा बँड. त्यांच्या १९८५ च्या अल्बममध्ये हार्डकोरचा वेग कायम आहे, परंतु गिटारला आता चाल आहे, आणि गाय पिचोटो गळा फाटेपर्यंत गातो तेव्हा त्याचा रोख समाजावर किंवा शत्रूवर नसून स्वतःच्या हातून निसटलेल्या गोष्टींवर असतो. या संगीताला पुढे ‘इमोशनल हार्डकोर’, ‘इमोकोर’ आणि शेवटी नुसते ‘इमो’ म्हटले जाऊ लागले. हे नाव त्या बँडांनी स्वतःहून घेतलेले नाही. मायनर थ्रेटनंतर एम्ब्रेस या बँडमध्ये गाणाऱ्या इयान मकाय यांनी तर १९८६ मध्ये मंचावरूनच या शब्दाची कडक शब्दांत संभावना केली होती.

आपल्याला नाते जाणवत नाही, याचे कारण मधली दहा-पंधरा वर्षे आपल्या ऐकण्यात आलेली नाहीत. प्रथम मायनर थ्रेट, मग राइट्स ऑफ स्प्रिंग आणि त्यानंतर सिॲटलच्या सनी डे रिअल इस्टेटचा १९९४ चा पहिला अल्बम, असे एकाच बैठकीत ऐकावे. आपल्या ओळखीच्या इमोकडे जाणारी वाट तिसऱ्या अल्बमपाशी पोहोचेपर्यंत कानाला स्पष्ट होईल.

प्रश्न : नव्वदच्या दशकातील अनेक लहान बँडांची नावे मी ऐकून आहे, पण शोध घेतला की काहीच हाती लागत नाही. इतके चांगले संगीत इतके कसे हरवले? शोधायचे असेल तर सुरुवात कुठून करावी?

उत्तर : हे संगीत कोणी दडपले नाही. ते ज्या रीतीने निर्माण झाले, त्या रीतीतच त्याच्या हरवण्याचे बीज होते. डिस्कॉर्ड या लेबलचा, म्हणजे तबकड्या प्रसिद्ध करणाऱ्या संस्थेचा, जन्मच पाहावा. टीन आयडल्स नावाच्या बँडने कार्यक्रमांतून मिळालेले पैसे साठवून ठेवले होते. बँड मोडल्यावर ते वाटून घेण्याऐवजी त्यांनी १९८० मध्ये त्यातून आपलीच एक छोटी तबकडी काढायचे ठरवले आणि त्यासाठी हे लेबल सुरू केले. तिची कव्हरे घरी बसून हातांनी कापली, दुमडली आणि चिकटवली गेली. तबकडी लोकांच्या हाती आली तेव्हा बँड उरला नव्हता. पुढच्या वीस वर्षांत हाच प्रसंग अनेक बँडांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा घडला. वन लास्ट विश या बँडने १९८६ मध्ये केलेले ध्वनिमुद्रण अल्बमच्या रूपात प्रसिद्ध झाले ते थेट १९९९ मध्ये. मेरीलँडमधील ॲनापोलिस येथील मॉस आयकॉनने आपला मुख्य अल्बम १९८८ मध्ये ध्वनिमुद्रित केला, पण तो बाहेर आला बँड मोडल्यानंतर. ज्या बँडचे आयुष्य दीड-दोन वर्षांचे, ज्याच्या तबकड्या काही शेकड्यांत किंवा फार तर एक-दोन हजारांत निघाल्या आणि कार्यक्रमानंतर टेबलावरून किंवा टपालाने विकल्या गेल्या, त्याची नोंद ठेवणारी कोणतीही यंत्रणा नव्हती.

त्यात नावांची अडचण मोठी आहे. करंट, जुलिया, इंडियन समर, हूवर ही सगळी त्या काळातील बँडांची नावे आहेत. ती शोधायला गेले की हवामानापासून अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्षांपर्यंत सर्व काही सापडते, फक्त बँड सापडत नाही. शिवाय अनेक तबकड्यांवर वादकांची नावे, साल, कधीकधी गाण्यांची शीर्षकेसुद्धा छापलेली नसत. व्यक्तीचे नाव पुढे येऊ नये, ही त्यामागची भूमिका होती आणि मला ती आदरणीय वाटते. मात्र तीस वर्षांनंतर शोध घेणाऱ्याला तिची किंमत मोजावी लागते.

म्हणून माझा सल्ला असा आहे, की बँडच्या नावाचा पाठलाग सोडून लेबलचा माग धरावा. सॅन डिएगोमध्ये हेरॉइन या बँडच्या मॅट अँडरसन यांनी १९९१ मध्ये सुरू केलेले ग्रॅव्हिटी हे लेबल घ्या आणि त्याची सुरुवातीची यादी क्रमांकानुसार, एकही तबकडी न वगळता ऐका. हेरॉइनचा अनावर वेग, अँटिऑक ॲरोचा विस्कळीत उन्माद आणि क्लिकाटाट इकाटोवीची तालातली गुंतागुंत एकामागोमाग ऐकली, की सुटे सुटे वाटणारे बँड परस्परांना उत्तरे देत होते हे लक्षात येते. कॅलिफोर्नियातीलच गोलेटा येथील एबुलिशन हे दुसरे लेबल. ते तबकड्यांच्या वितरणाचेही काम करी, आणि ते चालवणारे केंट मॅक्लार्ड १९९४ ते २००६ या काळात ‘हार्टअटॅक’ हे फॅनझीन, म्हणजे चाहत्यांनी चाहत्यांसाठी काढलेले नियतकालिक, काढत असत. पोर्ट्रेट्स ऑफ पास्ट हा बँड मला प्रथम एबुलिशनची यादी वाचतानाच सापडला, आणि आजही त्या काळातील सर्वोत्तम दहा बँडांत मी त्याला धरतो.

फॅनझीनचे जुने अंक हा शोधाचा खरा खजिना आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘मॅक्झिमम रॉकअँडरोल’ या मासिकाचा छापील अंक १९८२ पासून २०१९ पर्यंत निघत राहिला. त्यातील परीक्षणे वाचावीतच, पण मी जाहिराती आधी वाचतो, कारण परीक्षण एका बँडविषयी सांगते, तर चौकटीतल्या लहानशा जाहिरातीत एका लेबलचे सहा-सात बँड एकत्र सापडतात. असेच महत्त्व तबकडीसोबतच्या कागदावरील आभाराच्या यादीला आहे. कोणी कोणाच्या घरी मुक्काम केला, कोणी गाडी दिली, कोणत्या बँडसोबत दौरा केला, हे सगळे त्या बारीक अक्षरांत असते आणि तिथून पुढची दहा नावे मिळतात. माणसांचा माग काढणेही तितकेच उपयोगी ठरते : राइट्स ऑफ स्प्रिंगमधील पिचोटो आणि ढोलवादक ब्रेंडन कँटी हे दोघे वन लास्ट विशमध्ये होते आणि पुढे दोघेही मकाय यांच्यासोबत फुगाझी या बँडमध्ये आले. ध्वनिमुद्रणाच्या जागाही पाहाव्यात. वॉशिंग्टनलगतच्या आर्लिंग्टनमधील डॉन झिएंटारा यांचा इनर इअर स्टुडिओ ज्या तबकडीवर दिसेल, ती ऐकल्यावाचून सोडू नये. आणि हे सारे जुळवून पाहण्यासाठी २००० मध्ये सुरू झालेली डिस्कॉग्स ही तबकड्यांची सूची हाताशी असावी.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. दुर्मीळ असणे म्हणजे चांगले असणे नव्हे. त्या काळातील कित्येक तबकड्या अनुकरणापलीकडे गेलेल्या नाहीत, आणि त्या विसरल्या गेल्या यात अन्याय झालेला नाही. मॉस आयकॉनचे तसे नाही. संथ, जपासारखी पुटपुटणारी गिटार आणि तिच्यावर बोलता बोलता अचानक ओरडणारा आवाज ही त्यांची रीत पुढे अनेकांनी उचलली, पण मूळ ऐकताना आजही अंगावर काटा येतो.

प्रश्न : मूळ तबकडी महाग मिळते. पुनर्प्रकाशित आवृत्ती घेतली तर काही हरवते का?

उत्तर : ऐकण्याच्या दृष्टीने सहसा काहीच हरवत नाही. मूळ फितीवरून काळजीपूर्वक केलेली नवी आवृत्ती अनेकदा अधिक स्वच्छ वाजते. मॉस आयकॉनचे समग्र संगीत २०१२ मध्ये टेम्पररी रेसिडेन्स या लेबलने काढले. शिकागोच्या न्यूमेरो ग्रुपनेही या परंपरेतील अनेक बँड पुन्हा उपलब्ध केले आहेत. मूळ तबकडीची चढी किंमत विकणाऱ्याच्या खिशात जाते, तर अशा अधिकृत आवृत्तीचे पैसे बँडपर्यंत पोहोचू शकतात. आवृत्तीमुळे बँडही कधीकधी परत येतो : अमेरिकन फुटबॉल नावाच्या बँडचा १९९९ चा अल्बम २०१४ मध्ये नव्याने निघाला आणि त्याच वर्षी हे वादक पुन्हा एकत्र वाजवू लागले. मूळ प्रतीची ओढ मी समजू शकतो, पण ती संग्राहकाची ओढ आहे. ऐकणाऱ्याने तिच्यापायी थांबून राहू नये.

प्रश्न : एका परिचिताच्या जुन्या सामानात सात इंची तबकड्या आणि बँडांच्या काही डेमो कॅसेट सापडल्या. त्यांतील दोन बँडांची कुठेही नोंद नाही. हे संगीत संगणकावर कसे घ्यावे, आणि घेतल्यावर ते इतरांना द्यावे का?

उत्तर : सर्वप्रथम कॅसेटच्या वरच्या कडेवरील दोन्ही लहान प्लॅस्टिकचे तुकडे मोडावेत, म्हणजे चुकून तिच्यावर काही मुद्रित होणार नाही. डेकचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, कोरडे करून मगच कॅसेट लावावी. आवाज दबलेला वाटला तर हेडचा तिरपेपणा जुळवावा लागतो. हे काम जाणकाराकडून करून घेतलेले बरे. डॉल्बीचे, म्हणजे खरखर कमी करणाऱ्या यंत्रणेचे, बटण कॅसेटवर तशी खूण असेल तरच चालू करावे. तबकडी आधी धुऊन घ्यावी आणि वेगाबाबत सावध राहावे. सात इंची तबकडी मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या वेगाची असते असे आपण गृहीत धरतो, परंतु जास्त गाणी बसवण्यासाठी हार्डकोरच्या कितीतरी सात इंची तबकड्या ३३ च्या वेगाने कापलेल्या असतात आणि त्यावर तसे लिहिलेले असतेच असे नाही. हे संगीत मुळातच इतके वेगवान, की चूक पटकन लक्षात येत नाही. गाण्यांच्या मधले बोलणे ऐकावे, माणसाचा आवाज खोटे सांगत नाही.

मुद्रण २४ बिटवर, वेव्ह किंवा फ्लॅक अशा, आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या स्वरूपात ठेवावे, आणि खरखर काढणारी कोणतीही प्रक्रिया मूळ प्रतीवर करू नये. या संगीतातील झांजांचा कल्लोळ आणि गिटारचा फीडबॅक अशा प्रक्रियेला दोष वाटतो, आणि ती खरखरीबरोबर तेही पुसून टाकते. सोबतचे सगळे कागद दोन्ही बाजूंनी ६०० डीपीआयवर स्कॅन करावेत. तबकडीवर मधल्या कागदी लेबलाच्या कडेला जिथे खाचा संपतात, तिथल्या गुळगुळीत पट्टीवर तिरपा उजेड टाकून पाहावा. तिथे क्रमांक आणि कित्येकदा बँडने कोरून घेतलेले एखादे वाक्य असते. तेही जसेच्या तसे उतरवून घ्यावे.

देण्याबाबत माझे मत स्पष्ट आहे. बँड मोडला म्हणून त्याचा हक्क संपत नाही. कागदावरील टपालाचा पत्ता आता निरुपयोगी झाला असला, तरी वादकांची पहिली नावे, लेबल आणि आभाराची यादी यांवरून कोणी ना कोणी सापडते, आणि विचारल्यावर बहुतेक जण आनंदाने होकार देतात. सतराव्या वर्षी लिहिलेले शब्द आज लोकांपुढे नकोत, असे एखाद्याला वाटले तर तेही मानावे. तशा वेळी प्रत आणि कागद एखाद्या संग्रहाकडे सोपवण्याविषयी त्याच व्यक्तीला विचारता येईल. वॉशिंग्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१४ पासून आपल्या शहरातील पंकचा संग्रह उभा केला आहे, आणि कॉर्नेल विद्यापीठाच्या ग्रंथालयातही पंकची पत्रके व फॅनझीन जपून ठेवली आहेत. आपल्याकडील बँड ज्या शहराचे असतील, तिथल्या ग्रंथालयात असा संग्रह आहे का, याची चौकशी आधी करावी.