रेस्क्यू केलेला ससा घरी आणताय? आधी हे वाचा

दुकानातनं न आणता रेस्क्यूचा ससा घेताय हे फार छान केलंत. पहिले काही दिवस त्याला उचलायला जाऊ नका, उचललं की त्याला कुणीतरी शिकार केल्यासारखंच वाटतं, त्यापेक्षा तुम्हीच जमिनीवर बसा, मोबाईल बघत बसा, तो आपणहून येऊन पायाला नाक लावेल. चोवीस तास पिंजऱ्यात नको, मोकळी जागा द्या, फक्त वायरी आधी झाकून टाका, नाहीतर चार्जर गेलाच समजा. खाण्यात मुख्य म्हणजे सुकं गवत, ते कायम समोर पाहिजे, कारण दात आयुष्यभर वाढत राहतात आणि पोटही त्यावरच चालतं. गाजर म्हणजे खाऊ, जेवण नाही! लिटर ट्रेला, म्हणजे त्याच्या शी-शूच्या ट्रेला, लागूनच गवत ठेवा, ससे खाता खाताच शी करतात म्हणून सवय पटकन लागते. आणि हे नीट लक्षात ठेवा, १०-१२ तास काही खाल्लं नाही किंवा लेंड्या दिसल्या नाहीत तर सकाळ व्हायची वाट बघू नका, लगेच सशांचं कळणाऱ्या व्हेटकडे न्या. मादी असेल तर नसबंदी झालीये का ते विचारून घ्या, नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका खूप असतो. आंघोळ अजिबात घालायची नाही.