अनुभव लिहिला तर ते साहित्य होतं का?

प्रिय विद्यार्थिनी,

तुझं घणसोलीहून आलेलं पत्र आणि सोबतची पानं वाचली. तू बारावीत आहेस. वडील तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटला माथाडी आहेत. त्यांच्या कामावरचा लेख तू एका स्पर्धेला पाठवलास आणि परीक्षकांनी शेरा मारला, ‘प्रामाणिक आहे, पण हे साहित्य नव्हे, नुसतं अनुभवकथन.’ आता तू विचारतेस, की मी लिहिते ते साहित्यच नसेल तर मराठी घेऊन बी.ए. करू का? वडील म्हणतात, बी.कॉम. कर.

तो शेरा मला पटलेला नाही. पेण तालुक्यातल्या वरसईचे गोडसे भटजी दक्षिणा मिळवायला म्हणून उत्तरेकडे निघाले आणि १८५७च्या धामधुमीत सापडले. झाशी पडली तेव्हा ते झाशीतच होते. पुढे त्यांनी ते सगळं लिहून काढलं, आणि १९०७ साली ‘माझा प्रवास’ छापून आलं. बंडाची माहिती इतिहासाच्या पुस्तकांत याहून जास्त आणि नेमकी मिळते. तरी लोक या भिक्षुकाचं पुस्तक उघडतात, कारण त्यातली भीती, भूक आणि गाठीच्या पैशाची काळजी त्याच्याच बोलण्यातून आपल्याला कळते. अनुभवकथनच आहे की ते! बहिणाबाई चौधरींना तर लिहिता-वाचताही येत नव्हतं. त्या गेल्या १९५१ साली, गाणी पुस्तकरूपात आली १९५२ मध्ये.

मी स्वतः वाचताना दोन गोष्टी बघतो. माहिती कळून झाली तरी मजकूर पुन्हा वाचावासा वाटतो का? आणि तेच दुसऱ्या शब्दांत सांगितलं तर काही हरवतं का? मार्केटमधली आवक आणि भाव रोज छापून येतात, दुसऱ्या दिवशी त्या आकड्यांचं काम संपतं. पण तू लिहिलंस, ‘गोणी पाठीवर घेण्याआधी बाबा तिला पायानं जरा लोटून बघतात. वजन त्यांना माहीत असतं, ती आज कशी बसलीय ते बघतात.’ या दोन वाक्यांतला एक शब्द मला बदलता येत नाही. माणूस, त्याचं काम आणि इतक्या वर्षांची सवय, सगळं त्यात आलं.

त्याच पानावर खाली मात्र ‘श्रमिकांचे जीवन म्हणजे धगधगते यज्ञकुंड’ असं आहे. हे तुझं नाही, कुठल्या तरी भाषणातलं आहे. लेख साहित्यासारखा दिसावा म्हणून तू ते घातलंस, असा माझा अंदाज आहे. नेमकं तिथेच लिखाण पडलं. असली वाक्यं काढून टाक, सगळी. शेवटचा परिच्छेद तर पूर्णच.

परीक्षकांवर रागावू नकोस. हा वाद फार जुना आहे. संस्कृत साहित्यशास्त्रकार विश्वनाथानं ‘वाक्यं रसात्मकं काव्यम्’, म्हणजे रस असलेलं वाक्य तेच काव्य, असं म्हटलं. आपल्याकडे फडके आणि खांडेकर कलेसाठी कला की जीवनासाठी, यावर भांडले. दलित लेखकांच्या कथा-आत्मकथनं आली तेव्हाही ‘अनुभव आहे, पण कला कुठे?’ असं विचारणारे होतेच. ती पुस्तकं आज अभ्यासक्रमात आहेत.

आता प्रवेशाचं. तुझा लेख साहित्य ठरतो की नाही, यावर बी.ए.चा निर्णय घेऊ नकोस. बी.ए.नं कुणी लेखक होत नाही आणि बी.कॉम.नं लेखन थांबत नाही. मराठीच्या वर्गात तीन वर्षं मुख्यतः दुसऱ्यांचं लिखाण वाचायचं असतं: संतकाव्य, बखरी, साहित्यशास्त्र, भाषाविज्ञान. त्यात तुझा जीव रमणार असेल तरच ते घे.

वडिलांचा पैशाचा प्रश्न रास्त आहे. जुना संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मट, त्यानंही काव्य कशासाठी करायचं हे सांगताना यशानंतर लगेच अर्थ, म्हणजे पैसाच, सांगितला. कॉलेजात शिकवायचं तर एम.ए. आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते, आणि कायम जागेसाठी थांबावं लागतं. शाळेसाठी बी.एड. हवं. अनुवाद, मुद्रितशोधन, सबटायटल, मालिकांचं संवादलेखन ही कामं आहेत, पण सुरुवातीला पैसे अनियमित येतात. हे वडिलांपासून लपवू नकोस. यूपीएससीला मराठी साहित्य हा वैकल्पिक विषय घेता येतो, २५०-२५० गुणांचे दोन पेपर, आणि त्यासाठी पदवी मराठीतलीच लागते असं नाही. म्हणजे बी.कॉम. केलंस तरी तो रस्ता बंद होत नाही.

निकालाला अजून अवकाश आहे. ट्रान्स-हार्बर लोकलनं ठाण्याला ये, १८९३ साली स्थापन झालेल्या मराठी ग्रंथ संग्रहालयाची चौकशी कर, गोडसे भटजींपासून सुरुवात कर आणि मग एखादी बखर वाचून बघ. बखरीची जुनी भाषा कंटाळवाणी वाटली तर बी.कॉम. कर आणि लिहीत राहा. पुढचं पान उलटावंसं वाटलं, तर मराठीचा फॉर्म भर. वडील आणखी काही विचारतील तर त्यांनाच मला पत्र लिहायला सांग. आणि यज्ञकुंड काढलेला लेख मला पुन्हा पाठव.