कोरड्या एअर सरोवरात पाणी येते कुठून?

दक्षिण ऑस्ट्रेलियातील एअर सरोवर परिसरात वर्षाकाठी जेमतेम सव्वाशे-दीडशे मिलिमीटर पाऊस पडतो (आपल्या मुंबईत जुलैतला एखादा दिवस तेवढा देऊन जातो), त्यामुळे ते भरते ते स्थानिक पावसाने नव्हे, तर दूर क्वीन्सलंडमधील पुराचे पाणी डायमँटिना, कूपर यांसारख्या नद्यांच्या पात्रांतून आठवडेच्या आठवडे वाहत आले तरच. बरेचसे पाणी वाटेतच जिरते. समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ मीटर खोल असलेल्या या तळाला बाहेर वाट नसल्याने पाण्याची वाफ होते आणि मीठ मागे उरते. १९७४ साली मात्र ते विक्रमी भरले होते. पाणी येताच मिठाचा थर विरघळू लागतो, पुराबरोबर आलेले मासे वाढतात, पेलिकन येऊन घरटी करतात. पुढे खारटपणा वाढला की तेच मासे मरून काठाला लागतात.