पहाटे चारची झोप आणि न टिकणारा अभ्यास

ताई,

तुमचा 19 वर्षांचा मुलगा पहाटे चारला झोपतो, बाराला उठतो, रात्री वाचलेलं त्याच्या लक्षात राहत नाही. कधी कुणी नावानं हाक मारल्याचा भास होतो. डॉक्टरांनी सायकोसिसचा (भास आणि भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटण्याचा) धोका आहे, पण आजार झालेला नाही, असं सांगितलंय. आता तुम्ही विचारता, पाचला उठवून पुस्तक हातात देऊ का?

अजिबात नको. वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत. त्या वेळी मेंदूत स्पिंडल नावाच्या छोट्या लहरी उठतात. स्किझोफ्रेनियात, म्हणजे सायकोसिसच्याच एका दीर्घ आजारात, त्या कमी आढळतात. झोप तुटली की संशय आणि भासही वाढतात. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2017 मध्ये 3,755 विद्यार्थ्यांच्या चाचणीत निम्म्यांना निद्रानाशावरचे ऑनलाइन उपचार दिले. त्यांची झोप सुधारली, तसे संशय आणि भासही थोडे कमी झाले.

सुरुवात उठण्यापासून करा. बाराऐवजी साडेअकरा, तीन दिवसांनी अकरा, असं आठपर्यंत या. उठला की अर्धा तास गच्चीवर उजेडात, चहाही तिथेच. दुपारी दोननंतर चहा-कॉफी बंद. अंथरूण फक्त झोपायला. वीसेक मिनिटं झोप लागली नाही तर उठून मंद दिव्यात बसू दे, मोबाइल नको. बहुतेकांचं बिनसतं ते रविवारी: एक दिवस बारापर्यंत लोळला की आठवड्याची मेहनत पाण्यात. झोपेचे तास मुद्दाम कमी करण्याची पद्धत इंटरनेटवर दिसेल, ती घरी करू नका. अशा मुलांमध्ये जागरणानं भास बळावू शकतात. शेजारच्यांची झोपेची गोळीही नको.

अभ्यास 25 मिनिटांच्या तुकड्यांत. अवघड भाग संध्याकाळी, आणि सकाळी पुस्तक मिटून आठवेल ते लिहायचं. आधी थोडंच आठवेल, त्यावरून बोलू नका.

पुढच्या भेटीआधी दोन आठवडे वहीत लिहा: कधी झोपला, कधी उठला, चहा किती, भास कधी. गांजा घेतो का, हे डॉक्टरांनी त्याला एकट्याला विचारलेलं बरं. तुमच्यासमोर तो खरं सांगेलच असं नाही.

दोन रात्री जवळजवळ जागाच राहिला, आवाज हुकूम देऊ लागले, जेवणात काही घातलंय असं वाटू लागलं किंवा जीव द्यायची भाषा केली, तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, एकटं सोडू नका. सल्ला लागला तर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416, चोवीस तास.