व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणाऱ्या पाणबुडी कमांडरची कारकीर्द कशी होती?

व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचे सर्वोच्च शौर्यपदक. ते मिळवणाऱ्या एखाद्या पाणबुडी कमांडरची कारकीर्द आपण विचारली आहे. मी दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश नौदलाचे माल्कम डेव्हिड वॉन्क्लिन यांच्याविषयी लिहितो. त्यांचा जन्म १९११ साली कोलकात्यात झाला आणि १९२५ मध्ये ते इंग्लंडमधील डार्टमथच्या नौदल महाविद्यालयात दाखल झाले. मात्र ज्या कामगिरीमुळे ते ओळखले जातात, ती भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावरच्या ब्रिटिश तळावरील जेमतेम पंधरा महिन्यांची आहे.

जानेवारी १९४१ मध्ये 'अपहोल्डर' ही छोटी पाणबुडी घेऊन ते तेथे पोहोचले. उत्तर आफ्रिकेतील जर्मन-इटालियन सैन्याची समुद्रमार्गे होणारी रसद तोडणे हे या तळाचे मुख्य काम होते. सुरुवातीच्या एका यशस्वी हल्ल्यानंतर त्यांचे टॉर्पेडो सतत चुकत गेले, इतके की वरिष्ठ अधिकारी सिम्पसन यांच्या मनात त्यांना कमांडवर ठेवावे की नाही हा प्रश्न उभा राहिला. सिम्पसन यांनी धीर धरला, हे मला फार मोलाचे वाटते.

२४ मे १९४१ च्या संध्याकाळी सिसिलीजवळ संरक्षक ताफ्यासह जाणारे 'कॉन्टे रोस्सो' हे सैनिकवाहू जहाज दिसले, तेव्हा पाणबुडीचे ध्वनी टिपणारे उपकरण बंद होते, उजेड मावळत होता आणि दोनच टॉर्पेडो शिल्लक होते. तरीही त्यांनी जवळ जाऊन जहाज बुडवले. त्यानंतर वीस मिनिटांत ३७ डेप्थ चार्ज (पाण्याखाली फुटणारे पाणबुडीविरोधी बाँब) टाकले गेले आणि पाणबुडीला नेमका शत्रू कुठे आहे हे ऐकण्याचा मार्गच नव्हता. या हल्ल्यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जहाजावरील २,७०० हून अधिक लोकांपैकी सुमारे १,३०० मृत्युमुखी पडले. पदकाविषयी लिहिताना ही संख्या गाळणे मला योग्य वाटत नाही.

१४ एप्रिल १९४२ च्या सुमारास त्रिपोलीजवळ 'अपहोल्डर' सर्व कर्मचाऱ्यांसह नाहीशी झाली. 'पेगासो' या इटालियन जहाजाच्या हल्ल्यात ती बुडाल्याचे बहुतेक मानले जाते. वॉन्क्लिन तेव्हा तीस वर्षांचे होते.

कौशल्याच्या दृष्टीने मात्र मी १८ सप्टेंबर १९४१ च्या हल्ल्याला अधिक महत्त्व देतो. गायरो कंपास (दिशा दाखवणारे उपकरण) बिघडल्याने पाणबुडीचे नाक सतत डावी-उजवीकडे वळत होते. त्या झोक्यांचा अंदाज घेऊन त्यांनी दूरवरून टॉर्पेडो सोडले. 'नेप्चूनिया' आणि 'ओशेनिया' या सैनिकवाहू जहाजांपैकी पहिले बुडाले, दुसरे अपंग झाले, आणि टॉर्पेडो पुन्हा भरून पहाटे परतल्यावर पाण्याखालून त्या जहाजाच्या पलीकडे जाऊन त्यांनी तेही बुडवले.