जिमपुरतं पोर्तुगीज

प्रश्न : माझं वय ५१. कंपनीच्या कामासाठी दोन वर्षं साओ पावलोला चाललोय. इथे नियमित जिमला जातो, तिथेही जाणार. मोबाइलवर पोर्तुगीज शिकतोय, पण ते मला ‘मांजर दूध पिते’ असलीच वाक्यं शिकवतं. जिममध्ये बोलायला काय पाठ करू? गुडघ्याचं दुखणंही सांगता यायला हवं.
– एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : आधी मोबाइलवर शिकताय ते पोर्तुगीज कुठल्या देशाचं आहे ते बघून घ्या. ब्राझीलमध्ये जिमला ‘आकादेमिया’ म्हणतात, पोर्तुगालमध्ये ‘झिनाज़्यु’. साओ पावलोत झिनाज़्यु विचारलंत तर एखादा बास्केटबॉलच्या बंदिस्त मैदानाकडे बोट दाखवेल. ट्रेडमिल ब्राझीलमध्ये ‘एस्तेइरा’; पोर्तुगालमध्ये ‘पासादेइरा’, आणि तिथे झेब्रा क्रॉसिंगलाही हाच शब्द! खालचे उच्चार ब्राझीलचे. त्यातला झ आपला नाही. श म्हणता म्हणता गळ्यातून आवाज काढा, तो झ.

मशीन अडलेलं असलं की आपल्याकडे लोक शेजारी उभे राहून नुसते बघतात, समोरच्याला आपोआप कळावं म्हणून. हा पुणेरी उपाय तिथे चालायचा नाही. सरळ विचारा, ‘ता उज़ांदु?’ वापरताय का? उत्तरात ‘सीं’, म्हणजे ‘हो’, येईल म्हणून थांबू नका. ब्राझीलची माणसं बहुधा क्रियापदानेच होकार देतात, त्यामुळे नुसतं ‘तो’, म्हणजे ‘(वापरतो) आहे’, एवढंच ऐकू येईल. मग ‘पॉसु हेवेज़ार?’ तुमचा सेट झाला की मधे मी करू का? यावर ‘पॉजि’, म्हणजे ‘करू शकता’, आलं की काम झालं. किती सेट राहिले हे विचारायला ‘क्वांतास सॅरीस फाल्तांव?’ पुरे. पुरुषाने आभार मानताना ‘ओब्रिगादु’ म्हणायचं, बाईने ‘ओब्रिगादा’. माझ्या वर्गातले निम्मे पुरुष मला ऐकून ‘ओब्रिगादा’ म्हणतात, म्हणून मुद्दाम सांगते.

गुडघ्याचं वाक्य मात्र झोपेतही आलं पाहिजे : ‘तो कों दोर नु झुएल्यु.’ खांदा असेल तर शेवटी ‘नु ओम्ब्रु’. वजन कमी हवं असेल तर ‘माइस लॅवि, पोर फावोर’. हे पहिल्याच दिवशी ट्रेनरला सांगा. त्याला तिथे ‘प्रोफेसोर’ म्हणतात. उगाच दबकू नका. १९९८च्या कायद्यानुसार ब्राझीलमध्ये शारीरिक शिक्षणाचा व्यवसाय करायला व्यावसायिक परिषदेकडे नोंदणी लागते, तेव्हा गुडघ्याबद्दल त्याच्याशी नीट बोलता येईल. दुखणं जुनं असेल तर निघण्याआधी इथल्या डॉक्टरांना दाखवाच, ते काही भाषेने बरं होणार नाही.

व्यायामांच्या नावांच्या याद्या पाठ करत बसू नका. बैठकांना ‘आगाशामेंतु’, जोरांसारख्या पुशअपना ‘फ्लेक्सांव’, एवढ्यावर सुरुवात होते. बाकीचं प्रोफेसोर करून दाखवेलच.

आकडे मात्र घोटा. दोइस म्हणजे दोन, दॅस म्हणजे दहा, दोज़ि म्हणजे बारा. घोळ होतो तो या तिघांत. पर्वती चढताना पायऱ्या पोर्तुगीजमध्ये मोजा, दम लागलेला असतानाही आकडा तोंडात आला पाहिजे. सहाला ‘सेइस’. पण प्रोफेसोर फोन नंबर सांगताना मधेच ‘मेया’ म्हणाला तर तिथेही सहाच लिहा. अर्ध्या डझनावरून आलेला तो शब्द आहे.