फेन्सिंग शिकायला आलेल्या नवीन पोरांच्या हातात पहिल्याच दिवशी फॉइल (तलवारबाजीतली हलकी तलवार) द्यावी का?

नका देऊ, आधी पाय बसवा: ऑन गार्ड (तयारीत उभं राहणं), पुढे जाणं, मागे येणं आणि लंज (पुढचा पाय लांब टाकून हल्ला), बस. मी शाळेतल्या पोरांना शिकवतो, हातात हत्यार आलं की पोरं पिक्चरमधल्यासारखी खणाखणी सुरू करतात आणि पायांकडे कुणाचं लक्षच राहत नाही. ऑन गार्डमध्ये पुढचं पाऊल समोर, मागचं त्याला काटकोनात, टाचा एका रेषेत, गुडघे वाकलेले. पुढे जाताना पुढचा पाय आधी, मागे येताना मागचा. खरी गोची लंजमध्ये होते, सगळे पाय आधी टाकतात नि हात मागून येतो. हवं उलट, कारण फॉइलमध्ये दोघांचे टच एकदम लागले तर हात लांबवून, टोक रोखून आधी हल्ला सुरू करणाऱ्याला पॉइंट मिळतो, आणि पाय आधी हलला की समोरच्याला आयतं कळतं ते वेगळंच. यावर हातमोज्याचा खेळ मस्त चालतो, एकाने मोजा वरून सोडायचा, दुसऱ्याने लंज मारून पडायच्या आत धरायचा, हात आपोआप आधी जातो. पुढचा गुडघा आत वळताना दिसला तर तिथेच थांबवा, तो पावलाच्या दिशेतच हवा.

फक्त आठ-दहा वर्षांची पोरं असतील तर नुसत्या फूटवर्कला कंटाळून पळतात, त्यांना प्लास्टिकची फॉइल लवकर दिली तरी चालेल, पण मास्क घातल्याशिवाय टोक कुणाकडे रोखू द्यायचं नाही, प्लास्टिकचं असलं तरी.